सातवा आणि बारावा वाफा

३ जून

ढब्बू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फाडायला घेतलं असशील तर जरा थांब. निदान पहिलं पान वाच, मग काय फाडायचं ते फाड. फोन करून बघितला. नऊ वर्षांपूर्वी तू माझा नंबर बंद करून ठेवलास तो अजून बंदच आहे. शाबास! हट्टीपणात घराण्याचं नाव राखलंस.

कामाचं बोलते. परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. तिच्यावर ओरडू नकोस. नऊ वर्षांत तिने मला तीनदा फोन केलाय आणि तिन्ही वेळा तसंच काही कारण होतं. ती म्हणाली, "वन्सं, रस्त्यापलीकडच्या हरितगृहात मिरचीची पानं पुन्हा चितकबरी झालीत. आमची रोपं पुढच्या आठवड्यात वाफ्यांत जायची आहेत. हे काही बोलत नाहीत, नुसते येरझारा घालतात."

चितकबरी! अकरा वर्षांपूर्वीही तू मला हाच शब्द सांगितला होतास. मी आले, एक पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि दहा मिनिटांत निकाल दिला. विषाणू आहे, सगळं उपट आणि जाळ, एक गेलं की सगळं गेलं समज. हाताला लागून, कातरीला लागून तो झाडाझाडाला पोचतो. तू एका शब्दानेही विचारलं नाहीस. सोळा वाफे, दोन हजारांच्या घरात झाडं, एका दिवसात जाळलीस. जाळायला सांगितलं ते बरोबरच होतं, आजही तेच सांगेन. पण निघताना मी दोन पोती पानं डिकीत घालून नेली, तपासणीला म्हणून. तपासणीला दोन पानं पुरतात. हे तुला ठाऊक नव्हतं, मला होतं.

मग दोन वर्षांनी पेपरात माझा फोटो. मी, माझं झीज मोजायचं यंत्र आणि वर मथळा, 'रोगट पानातून वंगण'. तू घरी आलास. चप्पलही काढली नाहीस. पेपर जेवणाच्या टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, "मला जाळायला लावलंस, आणि तू पेरलंस." त्यानंतर तू माझ्याशी बोललेला नाहीस.

बरं, ते राहू दे. तुझी रोपं वाचवायचा एक उपाय माझ्याकडे आहे. ऐकलास की मला शिव्या घालशील, म्हणून तो पुढच्या पत्रात. आधी एवढंच कळव, येऊ का?

तुला आवडो न आवडो, थोरलीच असलेली
ताई


८ जून

ढब्बू,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण तरी रोज टपालाच्या पेटीत हात घालून बघते. काल दोनदा घातला.

गालांमुळे तुला ढब्बू नाव पडलं आणि मोठेपणी तू नेमकी ढब्बू मिरचीच लावलीस, ह्यावर आई किती हसायची! तुझ्या धंद्यात तिला रस होता. माझं काम काय हे तिला कधी कळलं नाही. तुलाही नाही, कारण मी कधी नीट सांगितलंच नाही. विचारलंस की "तुला नाही कळायचं" म्हणायचे. आता ऐक.

एक पोलादाची तबकडी फिरते. तिच्यावर एक खिळा दाबून धरलेला असतो. घासून घासून तबकडीला चर पडतो. आधी वजन करायचं, नंतर करायचं, जेवढं कमी भरेल तेवढी झीज. मधे नुसतं पाणी सोडलं तर चर खोल पडतो. त्याच पाण्यात तुझ्या मिरचीचा विषाणू सोडला, तर चर बोटाला लागतसुद्धा नाही. हा विषाणू काडीसारखा असतो, सरळ आणि भलताच चिवट. ओंडक्याखाली गोल काठ्या घातल्या की ओंडका सरकतो ना, तसं काहीसं. एवढ्याशा गोष्टीवर माझी अकरा वर्षं गेली.

गेल्या वर्षी गंमत झाली. गंमत कसली, माझ्या नाकी नऊ आले. चर पुन्हा खोल पडायला लागले. मी खिळे बदलले, यंत्र उघडलं, यंत्र चालवणाऱ्याला घालून पाडून बोलले. मग लक्षात आलं की तेवढ्याच पानांतून विषाणू निम्माच निघतोय. तडक काचघरात गेले. तिथे आमचे माळीकाका आहेत. दर महिन्याला जुन्या रोगट झाडाचा रस काढून नव्या झाडांना लावायचा, हे त्यांचं काम. बघते तर काय, सगळी झाडं हिरवीगार! रोग लावलेली झाडं आणि तरारलेली!

"काका, ह्यांना लागण केली होती ना?"

"केली की बाई. दर वेळी करतो."

"कुठल्या झाडाचा रस घेता?"

काका ओशाळले. म्हणाले, "त्यातल्या त्यात बऱ्या दिसणाऱ्या झाडाचा. अगदीच वाळलेली, आकसलेली पानं खलात घालायला हात धजावत नाही हो."

दहा वर्षं, ढब्बू! दहा वर्षं हा माणूस दर महिन्याला सगळ्यात कमी आजारी झाड निवडत आला आणि त्याच्या नकळत विषाणू सौम्य होत गेला. मी त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण सौम्य विषाणू झाडात आधीच बसलेला असला की जहाल विषाणूला तिथे शिरकाव करता येत नाही. घरात गरीब भाडेकरू असला की गुंडाला खोली मिळत नाही, तसं. काचघरात तपासलं, सहा वेळा तपासलं. सौम्य लावलेल्या झाडांना जहालाने काही झालं नाही.

हा माझा उपाय. तुझ्या रोपांना मी विषाणू लावणार. तुझ्याच जळलेल्या मिरचीचा, आता निवळलेला. घाल शिव्या.

रोपं वाफ्यांत गेली की चार-पाच दिवसांत लावायला हवा. शेजारचा रोग मजुरांच्या हातून तुझ्याकडे यायच्या आत तो झाडात भिनायला हवा, त्याला तीन आठवडे लागतात. संस्थेबाहेर न्यायला संचालकांनी परवानगी दिली आहे. एक अट घातली आहे, पण ती त्यांच्या-माझ्यातली. तू त्यात डोकं घालू नकोस.

लवकर कळव. मला एका जागी बसवत नाही.

ताई


१८ जून

ढब्बू,

"ताईला म्हणावं ये, काम कर आणि जा." तुझा हा निरोप तुझ्या बायकोने चाचरत सांगितला. मी म्हटलं, अगं, मूळ वाक्य ह्याहून तिखट असणार, तू पाणी घातलंयस! ती हसली.

तर मी आले, काम केलं आणि गेले. दिवसभरात तू माझ्याशी चार वाक्यं बोललास, मी मोजली. चहा माझ्या हातात न देता उपड्या क्रेटवर ठेवलास. मी तो गार होऊ दिला आणि मग प्यायले, कारण मीही तुझीच बहीण आहे.

वाफे सुरेख केलेत. सोळाच्या सोळा ओळंब्यात, नळ्या नव्या, दाराशी हात धुवायला साबण आणि दुधाचं भांडं. दुधात हात बुडवले की हा विषाणू पसरत नाही, हे मी अकरा वर्षांपूर्वी जाता जाता सांगितलं होतं. मला वाटलं होतं, माझ्याबरोबर तेही गेलं असेल.

मी आणि माळीकाका पूड शिंपडायला लागलो तेव्हा तू दारात हाताची घडी घालून उभा होतास. माझ्या तबकड्या घासायची तीच बारीक पूड. ती पानावर टाकायची आणि ओल्या फडक्याने हलकेच चोळायचं. डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात, त्यातून विषाणू आत जातो. आयुष्यभर झीज कमी करायच्या मागे लागलेली बाई तुझ्या पानांची झीज करत होती, हे मनात आलं. तुला सांगावंसंही वाटलं होतं.

आणि तू एकदम पुढे आलास. बाह्या वर केल्यास, दुधात हात बुडवलेस आणि समोरची पांढरी बादली उचललीस. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सातव्यापासून कर. मग बारावा." तू विचारलंस, "मधेच बारावा का?" मी म्हटलं, "दारापासूनची अंतरं बघून ठरवलंय." तू मान हलवलीस आणि वाकलास. आम्ही निळी बादली घेऊन तुझं होईपर्यंत थांबलो.

एवढ्या राकट हातांनी इतकं हळुवार कोणी चोळताना मी पाहिलेलं नाही. एकेक पान तळहातावर घेऊन. एक पान फाटलं तेव्हा तू त्या रोपाला काहीतरी म्हणालास.

जाताना तुझं चौथं वाक्य. "सगळ्यांना लागलं ना नीट?" मी हो म्हटलं.

आता तीन आठवडे वाट बघायची. शेजारून कोणी मजूर आला तर कपडे बदलायला लाव.

ताई


५ जुलै

ढब्बू,

तुझ्या बायकोकडून कळलं, पानं छान आहेत, किंचित फिकट आहेत एवढंच. तो गरीब भाडेकरू. घाबरू नकोस. रस्त्यापलीकडचं हरितगृह मात्र पूर्ण गेलं म्हणे, आणि तिथले दोघे जण आता तुझ्याकडे कामाला येतात. नको म्हणायला हवं होतंस, पण तू कसला नको म्हणतोस!

माझं कशात लक्ष नाही. काल खिळा नीट आवळला नाही, यंत्र सुरू केलं आणि तो सुटून भिंतीवर आपटला. यंत्रवाला म्हणाला, "बाई, आज घरी जा." घरी गेले, कपाट आवरायला काढलं, अर्ध्यात सोडून परत आले.

एक सांगू? लोकांना वाटतं, सतत घासलं की जास्त झिजतं. तसं नसतं. यंत्र अखंड चालू असलं तर पाण्याचा थर टिकतो, धातूला धातू लागत नाही. खरी झीज होते ती बंद यंत्र पुन्हा सुरू करताना. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत. आपलं तसंच चाललंय, असं मला हल्ली वाटतं.

माळीकाका दोनदा येऊन गेले. "बाई, पुन्हा एकदा जाऊन यायचं का तिकडे? अजून वेळ गेलेली नाही." मी म्हटलं, "कशाला? सगळं ठीक आहे तिकडे." ते बराच वेळ खल पुसत उभे राहिले.

बाकी काही नाही. सातव्या आणि बाराव्या वाफ्यावर जरा जास्त लक्ष ठेव. वाऱ्यामुळे म्हणते. आणि त्या दोन वाफ्यांत काम केल्यावर हात धुतल्याशिवाय दुसरीकडे कोणाला जाऊ देऊ नकोस. कारण विचारू नकोस, माझी जुनी सवय आहे सूचना करायची.

ताई


२१ जुलै, सकाळ

ढब्बू,

हे पत्र घेऊन माळीकाका येतायत. तू पूर्ण वाचेपर्यंत ते तुझ्यासमोरून हलणार नाहीत, मी तसं बजावलंय. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी मला तीनदा सांगून पाहिलं होतं.

उपटू नकोस. एवढं आधी वाच. चौदा वाफे सुरक्षित आहेत. उपटू नकोस.

आत्ताच तुझ्या बायकोचा फोन आला. सातव्या वाफ्यात पानं चितकबरी झाली आणि काल संध्याकाळी बाराव्यातही दिसली. तू उद्या सकाळी आठ वाजता मजूर बोलावलेत, सगळं उपटायला. तुझं म्हणणं, "ताईचं औषध फसलं. एक गेलं की सगळं गेलं, हे तिनेच शिकवलंय." ती रडत होती. मी तिला म्हटलं, काका येईपर्यंत एक रोपसुद्धा उपटू देऊ नकोस, दारात आडवी पड. कारण नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तिने ते तुझ्यापर्यंत गुळमुळीत करून आणलं असतं, मला सांभाळून घेतलं असतं. हे तुला माझ्या हातचंच मिळायला हवं. मी स्वतः का येत नाही? तुझ्यासमोर उभी राहिले की मी पुन्हा खोटं बोलेन. मागच्या वेळी बोललेच.

औषध फसलेलं नाही. सातव्या आणि बाराव्या वाफ्याला ते लावलंच नव्हतं.

पांढऱ्या बादलीत नुसतं पाणी होतं.

आमच्या कामात असं करतात. काही झाडं मुद्दाम तशीच ठेवायची. बाकी सगळं सारखं, तीच पूड, तेच चोळणं, फक्त पाण्यात विषाणू नाही. नाहीतर उद्या कोणीही म्हणेल, ह्या वर्षी रोग आलाच नव्हता, बाईंनी फुकटची शेखी मिरवली. ते दोन वाफे आधी उरकावे लागतात, हात स्वच्छ असताना. म्हणून तुला सातव्यापासून सुरुवात करायला सांगितली. संचालकांची अट हीच होती.

आता संचालकांच्या आड लपले बघ. ते म्हणाले होते, "मालकाला विचारून दोन वाफे तसेच ठेवा." विचारून, ढब्बू. मी त्यांना सांगितलं, भाऊच आहे माझा, त्याची काही हरकत नाही.

आधी ह्या पत्रात मी लिहिणार होते की सवयीने झालं. अकरा वर्षांची सवय, हात आपोआप तसेच वळतात. तो कागद फाडला. सवय नव्हती. आदल्या दिवशी दुपारी मी टेबलाशी बसून तुझ्या सोळा वाफ्यांचा नकाशा काढला आणि सात आणि बारा ह्या आकड्यांभोवती गोल केले. दोन वाफे म्हणजे फार नाही, त्याच्या लक्षातही यायचं नाही, असं स्वतःशी म्हटलं. विचारायला का नाही आले? कारण तू नाही म्हणशील ही भीती होती. आणि नाही म्हणालास तर मला दोन काय, एकही वाफा मिळाला नसता. आता हेही सांगते की मला तुझी मिरची वाचवायची होती आणि मला हा पुरावाही हवा होता, आणि त्यातलं जास्त काय हवं होतं हे मला आजही सांगता येत नाही. ह्याची मला लाज वाटते.

पण खरी लाज दुसऱ्याची वाटते. तू पांढरी बादली उचललीस तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं, "ती ठेव, ही निळी घे." एक वाक्य! काका बघत होते. मी म्हटलं नाही. तू एकेक पान तळहातावर घेऊन चोळत होतास, मी पाठीमागे उभी राहून बघत होते आणि मला ठाऊक होतं की तू ह्या झाडांना काहीही देत नाहीयेस. शेवटी तू विचारलंस, "सगळ्यांना लागलं ना नीट?" आणि मी हो म्हटलं.

त्यानंतरही वेळ होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्या दोन वाफ्यांना लावता आलं असतं. काका तेच विचारत होते. मी नाही म्हटलं, कारण तेवढ्यात पलीकडचे मजूर तुझ्याकडे आले होते आणि माझ्या मनात आलं, चला, आता खरी परीक्षा होईल. होय, असं आलं मनात. तुला पत्र लिहीत होते, वाऱ्याच्या गोष्टी सांगत होते आणि मनात हे.

आता काय करायचं ते लिहिते. ओरडायचं ते नंतर ओरड. सातवा आणि बारावा एवढेच वाफे काढायचे. मजुरांकडून नको. प्रत्येक झाडाला हात लावायच्या आधी हात दुधात. उपटलेलं झाड तिथेच पिशवीत घालायचं, दुसऱ्या वाफ्यावरून फरफटत न्यायचं नाही. कातरी उकळून घे. बाकीच्या चौदांत एखादं पान फिकट दिसेल, त्याला हात लावू नकोस, तो आपलाच विषाणू आहे. पुढच्या दहा दिवसांत त्या चौदांत चितकबरं काही आलं तर तू म्हणशील ते खरं. पण येणार नाही. माझ्या बाकीच्या शब्दांवर विश्वास ठेवू नकोस, ठेवण्यासारखं मी काही केलेलं नाही. एवढ्या एका गोष्टीवर ठेव.

मला आठवतंय, गेल्या वेळी मी "जाळ" म्हटलं तेव्हा तू विचारलं नाहीस. ताई म्हणाली ना, मग झालं. आज मी "उपटू नकोस" म्हणतेय आणि तू का म्हणून ऐकावंस, ह्याचं एकही कारण मला सापडत नाही. तरी ऐक. माझं तोंड पुन्हा बघू नकोस हवं तर, पण झाडं उपटू नकोस.

ताई


९ ऑगस्ट

ढब्बू,

तुझं पत्र आलं. पाकीट हातात घेऊन मी अर्धा तास संस्थेच्या आवारात फिरत होते. फाटकावरचा पहारेकरी विचारायला लागला, बाई, काही हरवलंय का?

तू लिहिलंयस ते मी इथे पुन्हा उतरवून काढते. तुझ्यासाठी नाही, स्वतःसाठी. शाळेत चूक झाली की आपल्याला तेच दहादा लिहायला लावायचे ना, तसं.

"ताई, चौदा वाफे उभे आहेत. दहा दिवस गेले, अठरा गेले, एक पान चितकबरं नाही. तोडणी परवापासून. तुझा उपाय चालतो, लिहून घे.

सातवा आणि बारावा मी एकट्याने काढले. बारावा काढेपर्यंत मला राग आला नाही. सातव्यात आला. ते फाटलेल्या पानाचं रोप तिथे होतं. त्या दिवशी मी त्याला म्हणालो होतो, चुकलं रे, दुखलं का. तू मागे उभी होतीस. तू ऐकलंस. पाणी चोळताना मी त्याची माफी मागत होतो आणि तू ऐकत होतीस. मी पिशवी तिथेच टाकून बाहेर आलो आणि बायकोला म्हटलं, ही बाई मला मेली. ती म्हणाली, मग ह्या चौदा वाफ्यांना काय म्हणायचं? मी तिच्यावरही ओरडलो.

आता इतक्या दिवसांनी थोडा शांत झालोय म्हणून लिहितो. तुला वाटतं मी नाही म्हटलं असतं. तू मला काय समजतेस ते ह्यावरून कळलं. विचारलं असतंस तर मी दोन दिले असते. चारसुद्धा दिले असते. त्या वेळचीही पानं मागितली असतीस तर दोन नाही, दहा पोती मीच भरून दिली असती. तुला माझं काहीतरी हवंय ह्याचा मला आनंद झाला असता. तू कधी मागितलंच नाहीस, नेहमी नुसतं घेतलंस.

पुढच्या हंगामात परत लावावं लागेल, असं काका म्हणाले. तू ये. दोन वाफे मी देईन. कुठले, ते मी ठरवणार. बादल्याही मीच भरणार, सगळ्या एकाच रंगाच्या. कशात औषध आहे आणि कशात पाणी, ते मलाच ठाऊक असेल. तू विचारायचं नाहीस. तू नुसतं वाकायचं आणि एकेक पान चोळायचं. तोडणी होईपर्यंत मी तुला सांगणार नाही."

हे वाचून आधी काय झालं ते खरं सांगते, आता खोट्याचा कंटाळा आलाय. आधी मी शास्त्रज्ञ म्हणून खूश झाले! लावणाऱ्यालाच ठाऊक नसलं म्हणजे त्याच्या हातून नकळत डावं-उजवं होत नाही. माझ्या मांडणीपेक्षा तुझी मांडणी सरस आहे, मेल्या. संचालकांना दाखवली तर ते तुलाच नोकरीवर घेतील. मग खुर्चीवर बसले आणि मला कळलं की मी एका वाफ्यावर वाकले आहे, पान तळहातावर घेतलं आहे आणि मी त्याला काही देतेय की नाही हे मला ठाऊक नाही. तू माझ्या पाठीमागे उभा आहेस आणि तुला ठाऊक आहे. तेव्हा मी रडले. यंत्रवाला आत आला आणि तसाच परत गेला.

चौदा आणि दोनचे आकडे माझ्या वहीत आहेत. इतका स्वच्छ पुरावा मला आयुष्यात मिळाला नव्हता. संचालक रोज विचारतात, कधी छापायचं? मी त्यांना सांगितलं की वाफ्यांच्या मालकाला तेव्हा विचारलं नव्हतं, तुम्हाला खोटं सांगितलं होतं. ते म्हणाले, "मग आता विचारा." म्हणून विचारते. छापू का? नाही म्हणालास तर वही तुझ्याकडे पाठवून देईन, तिचं काय करायचं ते तू ठरव. खरोखर विचारतेय, ढब्बू. मला सवय नाही, तेव्हा शब्द वेडेवाकडे आले असतील.

आणि हंगामाचं म्हणशील तर माझे गुडघे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, सोळा वाफे वाकून करायला मला दोन दिवस लागतील. बादल्या भरून ठेव. मी येते.

ताई